एनर्जी मॅनेजमेंट शिकायचंय? आधी घरचं वीजबिल काढा

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून येतं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते उचलतात आणि विंध्याचा घाट चढवून शहरात आणतात. नदी आणि शहर यांच्या उंचीत साधारण ४०० मीटरचा फरक आहे. आता एक हिशेब करा. १००० लिटर पाणी ४०० मीटर वर न्यायला किती वीज लागेल? वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची केलं की ३९ लाख २४ हजार ज्यूल येतात, म्हणजे १.०९ युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १.५६ युनिट. पाइपातलं घर्षण अजून धरलेलंच नाही. चार माणसांचं घर, माणशी १३५ लिटर, म्हणजे महिन्याला जवळजवळ २५ युनिट. आमच्या घरचा फ्रिजही साधारण तेवढंच खातो, फक्त त्याची वीज आमच्या बिलात दिसते आणि पाण्याची महापालिकेच्या.

हा हिशेब वाचताना ज्याला पुढचा प्रश्न सुचला, की मग ७० टक्क्यांचे ७५ केले तर शहराचे किती वाचतील, त्याने किंवा तिने हा विषय बेलाशक घ्यावा. ज्याला कंटाळा आला त्याने इथेच थांबावं, काही बिघडत नाही.

मी इंदूरच्या रामबागेत वाढले. घरात मराठी, गल्लीत इंदुरी, कॉलेजात इंग्रजी. आता कारखान्यांचं एनर्जी ऑडिट करते, म्हणजे ऊर्जा कुठे आणि किती वाया जाते ते मोजते. दर मे-जूनमध्ये ओळखीपाळखीतून फोन येतात: "ताई, मुलाला एनर्जीत टाकू का? स्कोप आहे का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

पदवी कोणती

एनर्जी रिसोर्स मॅनेजमेंट म्हणजे फक्त सोलर नव्हे. कारखान्यात, शहरात किंवा राज्यात ऊर्जा कुठून येते, किती भावाने येते, कुठे वाया जाते आणि त्याऐवजी दुसरं काय वापरता येईल, याचं हे शास्त्र आहे. त्यात बॉयलर येतो, ट्रान्सफॉर्मर येतो, कचऱ्याचा गॅस येतो आणि वीज नियामक आयोगाचा ३०० पानी आदेशही येतो.

माझं स्पष्ट मत: पहिली पदवी मूळ शाखेत घ्या. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा केमिकल. थेट 'एनर्जी'चं बी.टेक. वाईट नसतं, पण सरकारी वीज कंपन्यांच्या जाहिरातीत शाखेचं नाव छापलेलं असतं आणि तिथे 'इलेक्ट्रिकल' लिहिलं असेल तर तुमचं 'एनर्जी' समजावून सांगत बसावं लागतं. इंदुरात मूळ शाखेसाठी १९५२ पासूनचं श्री गोविंदराम सेकसरिया संस्थान आहे, देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं आयईटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मग एम.टेक.साठी लांब जायची गरज नाही. याच विश्वविद्यालयाचं स्कूल ऑफ एनर्जी अँड एन्व्हायर्नमेंटल स्टडीज खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात आहे आणि तिथे एनर्जी मॅनेजमेंटमध्ये एम.टेक. करता येतं. बाहेर जायचंच असेल तर आयआयटी मुंबईचा एनर्जी सायन्स विभाग, गांधीनगरचं पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठ, दिल्लीची टेरी, आणि विजेच्या व्यवस्थापनाकडे कल असेल तर फरीदाबादच्या राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेतलं एमबीए बघा.

गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, द्या. मान्यताप्राप्त एम.टेक.ला गेटवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि इंदुरात घरी राहून शिकणाऱ्याला ते पुरतं.

बी.एस्सी. भौतिकशास्त्रवाल्यांनो, तुम्हीही यात येऊ शकता. रस्ता थोडा लांबचा आहे, त्याबद्दल परीक्षेच्या भागात लिहिलंय.

पहिलं सत्र: एककं तोंडपाठ

पुस्तकं आपोआप होतील. सुरुवातीचे तीन महिने फक्त एककांवर घाला. १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. १ टन तेलतुल्य (एक टन खनिज तेलाएवढी ऊर्जा) म्हणजे १ कोटी किलोकॅलरी, म्हणजे ११,६३० युनिट. हे झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे, कारण कारखान्याचा मालक गॅस किलोत सांगतो, डिझेल लिटरमध्ये, लाकूड 'गाडी'त आणि वीज रुपयांत. सगळं एका मापात आणल्याशिवाय तुलनाच होत नाही.

एक सराव. समजा वीज ७ रुपये युनिट. ८६० ने भागून १००० ने गुणलं की १००० किलोकॅलरीला ८ रुपये १४ पैसे. समजा भुशाचं ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेली कांडी, ८ रुपये किलो आणि उष्मांक किलोला ४००० किलोकॅलरी. १००० किलोकॅलरीला २ रुपये. मग सगळेच ब्रिकेट का जाळत नाहीत? कारण ब्रिकेटच्या भट्टीची कार्यक्षमता कमी, राख काढायला माणूस लागतो, पावसाळ्यात माल ओला होतो, आणि शेवेच्या कढईचं तापमान गॅसवर जसं हातात राहतं तसं तिथे राहत नाही. भावाचा तक्ता आणि ही चार कारणं, दोन्ही एकाच कागदावर मांडता आली की पहिलं सत्र सार्थकी लागलं.

अशा तक्त्यात आपल्या घरचा एलपीजीही घाला. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. आजचा भाव लावून बघा आणि इंडक्शनशी तुलना करा. आई-काकूंशी चांगला वाद होतो.

मग बिल, आणि इथे घाई करायची नाही

घरच्या बिलापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. कोणत्याही ओळखीच्या कारखान्याचं, निदान एखाद्या मंगल कार्यालयाचं किंवा दवाखान्याचं उच्चदाबाचं बिल मिळवा. सलग १२ महिन्यांचं. नाव खोडून द्या म्हणावं. माझ्या पाहण्यात बहुतेक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांनी असं एकही बिल हातात धरलेलं नसतं. सायकल न चालवता सायकलचं दुकान काढण्यासारखंच हे.

त्या बिलात पहिल्यांदा कराराची मागणी शोधा, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड: जास्तीत जास्त किती भार घ्यायचा हे ठरलेलं, केव्हीए या मापात. मग त्या महिन्याची नोंदलेली कमाल मागणी. मध्य प्रदेशात स्थिर आकार लावताना नोंदलेली कमाल मागणी किंवा कराराच्या ९० टक्के, यातलं जे जास्त ते धरतात. आता पुढचं नीट बघा.

समजा एका कारखान्याचा भार २०० किलोवॉट आहे आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा किलोवॉटचा भाग, ०.८०. केव्हीए होतात २५०. करारही २५०चा. कुणी तरी सल्ला दिला की कपॅसिटर लावा. लावले, पॉवर फॅक्टर ०.९८ झाला, मागणी २०४ केव्हीएवर आली. मालक खूश. पुढच्या महिन्यात बिल आलं, त्यात मागणी लागली २२५ची. का? २५०चे ९० टक्के. करार तसाच ठेवला तर २०४चा पुरता फायदा मिळतच नाही. वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करून करार खाली आणावा लागतो, आणि तो आणताना पुढच्या वर्षी नवी मशीन येणार आहे का, हे मालकाला आधी विचारावं लागतं. पुस्तकात पॉवर फॅक्टरचं गणित २०४ला संपतं.

त्यानंतर वेळेनुसार दर बघा. केंद्राच्या २०२३च्या नियमांनी १० किलोवॉटपेक्षा जास्त मागणीच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करायला सांगितलं, आणि उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी ठेवायला सांगितला. म्हणजे जे काम रात्री करायची कारखान्याला पिढीजात सवय आहे, ते आता दुपारी सरकवणं स्वस्त पडू शकतं. बर्फाचा कारखाना, शीतगृह, पाण्याची टाकी भरणं ही कामं सहज सरकतात. भट्टी सरकत नाही.

मध्य प्रदेश वीज नियामक आयोगाचा दर आदेश दरवर्षी संकेतस्थळावर येतो. एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाच. कंटाळवाणा आहे, पण इतक्या कंटाळवाण्या कागदात इतके पैसे दडलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

शॉप फ्लोअरवर पहिला दिवस

एम.टेक.च्या दुसऱ्या सत्रात आम्ही सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात गेलो. आत शिरताच गरम तेल आणि ओव्याचा वास, जमीन किंचित चिकट, एका बाजूला थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून उष्णता पुरवणारी भट्टी) धडधडत होता. मला सांगितलं होतं की मोटरचा करंट घे. मी ऐटीत क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर, काढला, पॅनेलमधून निघालेल्या जाड काळ्या केबलला लावला आणि वाचलं: शून्य. पुन्हा लावला. शून्यच. मोटर समोर फिरतेय. मीटरच बिघडला म्हणून मी दुसरा मागितला.

तिथले वयस्कर इलेक्ट्रिशियन तोंडातली सुपारी एका गालात सरकवत म्हणाले, "मॅडम, पूरी केबल पकड़ोगे तो जीरो ही आएगा ना!"

तीन फेजचे तीन करंट एकत्र धरले की त्यांची बेरीज शून्य होते. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं आणि चांगले मार्कही मिळवले होते. क्लॅम्प एकेका फेजच्या वायरला लावायचा असतो. त्या दिवशी पुढचे तीन तास मी त्यांच्या मागे मागे फिरले आणि एका सत्रात कळलं नसेल तेवढं कळलं. कोणती मोटर कधी रिवाइंड झाली, कोणता व्हॉल्व्ह नेहमी अर्धा बंद असतो, हवा दाबून पाइपात भरणारा कंप्रेसर रविवारीही का सुरू राहतो. ही माहिती कुठल्याच नोंदवहीत नव्हती.

तेव्हा कारखान्यात गेलात की आधी इलेक्ट्रिशियन आणि बॉयलर ऑपरेटर यांच्याशी बोला, मॅनेजरशी नंतर. सुती कपडे, बंद बूट, ओढणी नाही, हातात अंगठी-कडं नाही. परवानगीशिवाय पॅनेल उघडायचा नाही, आणि चालू पॅनेलमध्ये हात स्वतः घालायचा नाही, तिथला माणूस घालील. वही छोटी आणि पेन्सिल. घामट हाताने लिहिताना जेलपेन पसरतं.

हत्यारं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिळवा: पॉवर अ‍ॅनालायझर, धुराड्यातल्या वायूचा अ‍ॅनालायझर, इन्फ्रारेड थर्मामीटर, लक्स मीटर. ती कपाटात कुलूपबंद असतात. सह्या करून काढून घ्या, विभागप्रमुखांच्या मागे लागा. स्वतःच्या पैशाने एक साधा क्लॅम्प मीटर घ्याच.

प्रबंध: एक कारखाना, एकच यंत्रणा

विद्यार्थ्यांचे प्रबंधाचे विषय बघितले की मला भीती वाटते. 'भारतातील नवीकरणीय ऊर्जेचं भवितव्य'. असला विषय घेऊ नका. एक कंप्रेसर घ्या. इंदूरजवळच्या पीथमपूरमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचे, औषधांचे कितीतरी कारखाने आहेत आणि जवळपास प्रत्येकात दाबाखालची हवा गळते.

७ बार दाबाच्या पाइपाला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर त्यातून निघून जाणारी हवा पुन्हा भरायला कंप्रेसरला साधारण ३ किलोवॉट जास्त लागतात. दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३०० दिवस: २१,६०० युनिट. ७ रुपयांनी दीड लाख. ३ मिलिमीटर म्हणजे जाड काडीएवढं भोक! सुट्टीच्या दिवशी, सगळी मशीन बंद असताना, कंप्रेसर किती वेळ भरतो आणि किती वेळ थांबतो हे घड्याळ लावून मोजा. काहीही चालू नसताना तो जेवढा वेळ भरतोय, तेवढी गळती. मग साबणाच्या पाण्याने भोकं शोधा, खुणेच्या चिठ्ठ्या बांधा, दुरुस्त करवून घ्या, आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा मोजा. आधीचं आणि नंतरचं मोजमाप असलेला ४० पानी प्रबंध मुलाखतीत २०० पानी प्रबंधाला सहज मागे टाकतो.

बॉयलर घेतलात तर दोन नियम खिशात ठेवा. धुराड्यातल्या वायूचं तापमान साधारण २२ अंश उतरवलं की कार्यक्षमता १ टक्क्याने सुधारते, आणि बॉयलरला जाणारं पाणी ६ अंशांनी जास्त गरम आत गेलं की इंधन साधारण १ टक्का वाचतं.

आणि पंप घेणार असाल तर एका सापळ्याबद्दल सावध करते. वर्गात शिकवतात की वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती घनाच्या नियमाने (०.८ × ०.८ × ०.८) ५१ टक्क्यांवर येते. पंख्याला आणि घर्षणाविरुद्ध चालणाऱ्या पंपाला हे लागू आहे. जलूदसारख्या ठिकाणी, जिथे पाणी मुळात डोंगर चढवायचं आहे, तिथे वेग असा कमी केला तर पाणी वर पोचणारच नाही. मालकाला ४९ टक्के बचत कबूल करण्याआधी पंपाला किती उंची चढायची आहे ते विचारा.

शहर हीच प्रयोगशाळा

कारखान्यातल्या बचतीएवढाच ऊर्जा येते कुठून हाही अभ्यास महत्त्वाचा, आणि त्यासाठी इंदूरइतकं सोयीचं गाव मिळणार नाही. (हे मी इंदूरची आहे म्हणून म्हणतेय असं वाटेल. असू दे.)

देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प आहे. १९ फेब्रुवारी २०२२ला त्याचं उद्घाटन झालं. क्षमता रोज ५५० टन कचऱ्याची, गॅस १७,००० किलो, आणि हा गॅस शहरातल्या बसगाड्याही वापरतात. भागाकार करा: टनामागे साधारण ३१ किलो गॅस. हा आकडा टिकतो तो घराघरांत ओला-सुका वेगळा होतो म्हणून. प्लास्टिक मिसळलं की पाचकातले, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या टाकीतले, जिवाणू संप करतात. संसाधन व्यवस्थापनाचा अर्धा अभ्यास असा आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांत आहे.

आता पुन्हा जलूद. पाणी चढवण्याच्या विजेचा खर्च भागवण्यासाठी इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज, काढले, तिथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. वर्षभराचा क्षमता वापर (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळणारी वीज) १९ टक्के धरला तर ६० मेगावॉट वर्षाला जवळजवळ १० कोटी युनिट देईल. पण पंप रात्रीही चालतात आणि सूर्य चालत नाही. मग दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला देऊन रात्री परत घेण्याचे नियम काय, त्यावर आकार काय लागतो, रोख्यांचं व्याज त्यातून फिटतं का? अख्खं एक सत्र या एका उदाहरणावर शिकवता येईल. शिकवत नसतील तर चौघं मित्र मिळून करा.

मध्य प्रदेशातल्याच रीवाचा सौर प्रकल्पही दर आणि करार समजण्यासाठी वाचा. ७५० मेगावॉट, २०१७च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे, आणि जवळपास चौथा भाग वीज दिल्ली मेट्रो घेते. दर एवढा खाली आला त्यात पॅनेल स्वस्त झाल्याचा वाटा होताच, पण वीज घेणाऱ्याने पैसे थकवले तर काय, याची हमी करारात बांधली होती. इंजिनिअरला करार वाचता आला पाहिजे तो यासाठी.

परीक्षा

२००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऊर्जा दक्षता ब्यूरो उभा राहिला आणि मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांना ऊर्जा ऑडिट आणि ऊर्जा व्यवस्थापक नेमणं बंधनकारक झालं. अशा व्यवस्थापकाचं (मॅनेजरचं) आणि ऑडिटरचं प्रमाणपत्र ब्यूरोच्या राष्ट्रीय परीक्षेतून मिळतं. मॅनेजरला तीन पेपर: सर्वसाधारण, औष्णिक यंत्रणा, विद्युत यंत्रणा. ऑडिटरला चौथाही, आणि तो पुस्तक उघडून लिहायचा असतो. सोपा वाटतो, पण पानं शोधण्यातच वेळ जातो.

बसण्यासाठी बी.ई.ला ३ वर्षांचा अनुभव लागतो, इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तरला २, डिप्लोमाला ६. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांना ३ वर्षं. म्हणजे शिकत असताना ही परीक्षा देता येत नाही, पण ब्यूरोची चारही मार्गदर्शक पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. एम.टेक.च्या कुठल्याही महागड्या इंग्रजी पुस्तकाआधी ती वाचा.

नोकरी कुठे

ऑडिट आणि सल्लागार कंपन्या फ्रेशरला घेतात. पगार बेताचा, प्रवास भरपूर, शिकणं सगळ्यात जास्त. दोन वर्षं काढा. काही कंपन्या बचतीतून आपला वाटा घेण्याच्या करारावर काम करतात, तिथे मोजमाप चुकलं तर पैसेच बुडतात, त्यामुळे हात फार पक्का होतो. कारखान्यांचे स्वतःचे एनर्जी सेल पीथमपूर-देवासच्या मोठ्या उद्योगांत असतात. वीज वितरण कंपनीचं मुख्यालय आपल्या इंदुरातल्या पोलोग्राउंडलाच आहे. २०२२च्या हरित ओपन अ‍ॅक्सेस नियमांनी १०० किलोवॉटच्या ग्राहकालाही बाहेरून हरित वीज घेण्याची वाट मोकळी केली, तेव्हापासून दर आणि करार समजणाऱ्या मुलांना चांगली मागणी आहे. २०२३मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना (कमी केलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या श्रेयाची खरेदी-विक्री) अधिसूचित झाली, त्या कामात हिशेबी डोक्याला वाव आहे.

एक्सेल हवंच. पायथन आलं तर उत्तम, पण पिव्हट टेबल न येता पायथन शिकू नका. अहवाल इंग्रजीत लिहायचा, मालकाशी हिंदीत बोलायचं, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तीनच गोष्टी ठेवायच्या: काय करायचं, खर्च किती, किती महिन्यांत वसूल. नमकीनवाल्या त्या मालकांनी आमचा ६० पानांचा अहवाल उघडला, पहिलं पान बघितलं, वसुलीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "भिया, ये आठ महीने वाला कल से चालू कर दें?" बाकीची ५९ पानं त्यांच्या मुनीमजींनी वाचली असावीत.

मुलाखतीला जाताना तुमच्या प्रबंधातल्या यंत्रणेचे चार आकडे पाठ ठेवा: आधी किती, नंतर किती, कशाने मोजलं, मोजताना काय चुकलं. चौथा हमखास विचारतात. मी तिथे क्लॅम्प मीटरची गोष्ट सांगितली होती.